पोटखराब्यात काय असतं

ताई, तुमचा प्रश्न थोडक्यात असा: नोकरीसाठी सोलापुरात येऊन अकरा वर्षं झाली, जुळे सोलापुरात घर आहे, लेक नऊ वर्षांची. तिला शाळेतून परिसराचं निरीक्षण करायचा प्रकल्प मिळालाय. तुम्ही दोघी वही-पेन घेऊन गच्चीवर गेलात आणि दहा मिनिटांत खाली आलात. 'सगळं सपाट, कोरडं, एकाच रंगाचं. कोकणात असतो तर वही भरली असती. इथे बघायचं काय आणि बघायचं कसं?' शिवाय लेकीने विचारलं, 'आपल्याकडे डोंगर का नाही?' त्याचंही उत्तर तुमच्याकडे नव्हतं.

मी तेहतीस वर्षं भूकरमापक होतो. साखळी ओढण्यापासून जीपीएस रोव्हरपर्यंत सगळ्या साधनांनी याच जिल्ह्यातली जमीन मोजली. उत्तर आणि दक्षिण सोलापूर, मोहोळ, मंगळवेढा, अक्कलकोट, सगळीकडे चाललो. वनस्पतीशास्त्र किंवा भूगर्भशास्त्र मी शिकलेलो नाही. पण एकाच जमिनीवरून वर्षानुवर्षं पायी गेलं की काय दिसायला लागतं, ते मला ठाऊक आहे.

सातबाऱ्यावर पोटखराब्याचा एक रकाना असतो. खडक, ओघळ, नाला, वाट, जिथे पीक निघत नाही ती जमीन एकूण क्षेत्रातून वेगळी काढून तिथे लिहितात. मी हजारो वेळा लिहिलं असेल. पहिली सात-आठ वर्षं तर शेताच्या कडेला उभं राहून, तिकडे एक नजर टाकून लिहायचो: पोटखराबा, इतके आर. आत काय आहे ते बघायची गरजच वाटली नाही. तुमचं पत्र वाचताना मला तो रकाना आठवला, कारण त्या संध्याकाळी गच्चीवरून तुम्ही अख्खं सोलापूर त्यात टाकून दिलंत. तुम्हाला दोष देत नाही. डोंगर, धबधबा, समुद्र असला की डोळ्याला आपोआप धरायला काहीतरी मिळतं. आपल्याकडे फरक असतो तो हाता-दोन हातांचा, आणि तो बघायला खाली वाकावं लागतं.

म्हणून सुरुवात एका प्रश्नापासून करा. इथे पडलेलं पाणी जातं कुठे?

जोराचा पाऊस येईल तेव्हा लेकीला रेनकोट घालून तुमच्या गल्लीत उभी करा. डांबरावरून वाहणारं पाणी कुठल्या बाजूला पळतं, कुठे थांबतं, कुठल्या घराच्या कोपऱ्यावर वळतं, हे तिला बोटाने दाखवू द्या. ज्या गल्लीला तुम्ही सपाट म्हणता तिला उतार आहे, आणि तो पाण्याला माहीत आहे. मग दुसऱ्या पावसात ते पाणी पुढच्या चौकात कुठे जातं ते बघा. तिसऱ्या पावसात त्याच्या मागे नाल्यापर्यंत जा. आपल्या शहराचं पाणी शेवटी सीनेला मिळतं, सीना भीमेला, भीमा कृष्णेला, आणि कृष्णा जाते बंगालच्या उपसागराला. नकाशा काढून दाखवा तिला: अरबी समुद्र किती तरी जवळ आहे, पण आपल्या गल्लीतला थेंब त्याच्याकडे पाठ करून अख्खा देश ओलांडतो, कारण सह्याद्रीपासून पुढे सगळं पठार पूर्वेकडे कललेलं आहे.

पाण्याचा रंगही बघायला शिका. नाल्याला आलेलं पाणी तांबूस असेल तर ते मुरमाच्या माळावरून आलंय. काळपट, गढूळ, बोटाला चिकटणारं असेल तर कुणाच्या तरी काळ्या रानातली माती घेऊन आलंय. पुलावर उभं राहिलं की पाऊस कुठे पडला ते जुनी माणसं या रंगावरून सांगतात. मी हे एका कोतवालाकडून शिकलो.

आता डोंगर. साधारण ६ कोटी ६० लाख वर्षांपूर्वी इथे लाव्हाचे थरावर थर पसरले. मोठमोठ्या भेगांमधून वर आला आणि दूरवर पसरत गेला. म्हणून आपला काळा दगड आडव्या थरांनी रचलेला आहे, भाकरीवर भाकरी ठेवावी तसा. पुढे पाण्याने आणि उन्हाने वरच्या भाकऱ्या कापत नेल्या. जिथे शिल्लक राहिल्या तिथे डोंगर दिसतो. तुळजापूरला जाताना घाट लागतो ना, तिथे तुम्ही बालाघाटच्या कडेवर चढता, म्हणजे वरच्या पायरीवर जाता. सोलापूर खालच्या पायरीवर आहे. घाटात जिथे रस्त्यासाठी डोंगर कापलाय तिथे गाडी सुरक्षित जागी उभी करा आणि लेकीला थर मोजायला सांगा. दोन काळ्या थरांच्या मध्ये कुठे विटकरी मातीची पट्टी दिसली, तर तिथे एक लाव्हा थंड झाल्यावर दुसरा येईपर्यंत मधे बराच काळ गेला आणि त्यात दगडाची माती झाली. म्हणजे 'डोंगर का नाही' याचं उत्तर: होता, तो वाहून गेला, आणि त्याचीच ही माती झाली, जिच्यात आपली ज्वारी येते.

पण खरं बघायचं असेल तर एक दिवस मी सांगतो ती पायपीट करा. बार्शी रस्त्याने किंवा तुळजापूर रस्त्याने गाव मागे टाकलं की कुठल्याही माळाच्या माथ्यावर उतरा आणि सरळ खाली ओढ्याकडे चालत जा. अंतर अर्धा-पाऊण किलोमीटर. उतार इतका कमी की सायकलवर असाल तर जाणवणारही नाही. वाटेतल्या शेतकऱ्याला विचारून, बांधाबांधाने जा.

माथ्यावर पायाखाली मुरूम करकरतो. माती असलीच तर चार बोटं. गवत खुरटं, त्यात कुसळी. तरवडाची झुडपं, पावसाळ्याच्या शेवटी त्यावर पिवळी फुलं. इथे चालताना नजर खाली ठेवा, कारण उन्हाळ्यात टिटवी याच मुरमावर उघड्यात अंडी घालते, बहुतेक वेळा चार, खड्यांच्याच रंगाची. मी एकदा दुर्बीण लावायला तिपाई टेकवणार, तेवढ्यात दोन टिटव्या डोक्यावर ओरडायला लागल्या. पाऊल जागीच थांबवलं आणि बघितलं तर अंडी बुटापासून वीतभर अंतरावर. दहा मिनिटं मी त्याच जागी उभा होतो आणि मला ती दिसली नव्हती.

शंभर-दीडशे पावलं खाली आलात की पायाखालचा आवाज थांबतो. माती तपकिरी होते. इथे कुणीतरी तूर, मटकी, हुलगा पेरलेला असतो. बांधावर बोर आणि हिवर. आणखी खाली माती गडद होत जाते, ढेकळं मोठी होतात, बाभळी उंच होतात. आणि मग ती भारी काळी लागते. ओली असेल तर चपलेला एवढी चिकटते की प्रत्येक पावलाला पाय जड होतो. कोरडी असेल तर भेगाळलेली. एप्रिलमध्ये अशाच एका रानात मी भेगेत माझी दोन फुटी पट्टी सोडली, ती पूर्ण आत गेली आणि तळाला लागली नाही. ही माती पाणी पिऊन फुगते आणि वाळली की आक्रसते, म्हणून भेगा पडतात. वरची भुसभुशीत माती त्या भेगांत पडत राहते, पाऊस आला की पुन्हा फुगते, वरची खाली आणि खालची वर. शेतकरी म्हणतात ही जमीन आपली आपण नांगरते. अगदी खाली, ओढ्याच्या काठाला, करंज आणि शिंदी लागल्या की तुम्ही पोचलात.

एवढ्या छोट्या अंतरात एवढा फरक का? वरची बारीक माती हजारो पावसाळ्यांनी खाली आणून ठेवली. माथ्याजवळ राहिला मुरूम आणि तळाशी साठली काळी. लेकीला वर, मध्ये आणि खाली अशी तीन ठिकाणची मूठभर माती तीन डब्यांत घेऊ द्या. घरी तिन्हीत थोडं थोडं पाणी घालून वळी करायला सांगा. मुरमाची वळी होणारच नाही, मधली तुटेल, खालची शेवयांसारखी वळेल. तिच्या प्रकल्पाचं एक पान तिथेच भरलं. येताना मोज्यांना कुसळं चिकटलेली असतील, त्यातलं एक ओल्या तळहातावर ठेवा. लांब शेपटीचा पीळ पाणी लागताच हळूहळू सुटत जातो. बी याच पिळाने जमिनीत घुसतं. हिवाळ्याच्या सुरुवातीला गेलात तर कुसळं भरपूर मिळतील.

हे सगळं न खणताही वाचता येतं, ज्वारीवरून. आपल्या जिल्ह्यात साडेपाचशे-सहाशे मिलिमीटर पाऊस पडतो, महाबळेश्वरच्या साधारण दहाव्या भागाइतका. सह्याद्रीने ढग आधीच रिते केलेले असतात. त्यातही भरवशाचा पाऊस सप्टेंबरचा, उत्तरा-हस्त नक्षत्रांचा. तो जमिनीत मुरतो, वाफसा येतो, ज्वारी पेरतात, आणि नंतर जवळजवळ पाऊस नाही. मालदांडी ज्वारी कणसात येते ती केवळ जमिनीत साठलेल्या ओलीवर. म्हणजे जिथे माती खोल तिथे ओल जास्त, तिथे ताटं उंच आणि हिरवी. जिथे खाली मुरूम लवकर लागतो तिथे ताटं गुडघ्या-कमरेएवढी, लवकर पिवळी पडलेली. मार्गशीर्षातल्या अमावस्येला, आपल्याकडे वेळ अमावस्या म्हणतात, ओळखीच्या कुणाच्याही शेतात जेवायला जा. भज्जी आणि अंबिल घेतल्यावर बांधावर उभं राहून ज्वारीच्या शेंड्यांची रेघ बघा. ती सरळ नसते. ती जिथे खाली जाते तिथे जमिनीखाली खडक वर आलाय. मंगळवेढ्याच्या काळ्या रानात मात्र ही रेघ दूरपर्यंत वाकत नाही, आणि तिथली ज्वारी एवढी नावाजलेली का, ते कुणी न सांगता कळतं.

नोकरीत आलो त्याच्या दुसऱ्या-तिसऱ्या वर्षीची गोष्ट सांगतो. दोन चुलतभावांच्या हद्दीची मोजणी होती. गावाचं नाव लिहीत नाही. कागदावर हद्द ओघळीला लागून होती. मी एप्रिलच्या उन्हात गेलो, कोरडी ओघळ समोर होती, तिच्या काठाने खुणा करायला सुरुवात केली. आकडे जुळत नव्हते, पण दगड सापडत नाहीत, चालायचंच, असं मनाशी म्हणून मी पुढे जात होतो. बांधावर एक आज्जी बसल्या होत्या, दोघांपैकी कुणाच्या ते तेव्हा मला माहीत नव्हतं. त्या म्हणाल्या, "सायेब, म्या लगीन होऊन आले तवा पाणी तिकडनं जायचं." आणि काठीने पंचवीस-तीस पावलं पलीकडे, नांगरलेल्या काळ्या रानात, दाखवलं. तिथे मला काहीही दिसत नव्हतं. त्यांनी सांगितलं, ढेकळांचा रंग बघ. बघितला. काळ्या रानातून एक फिकट पट्टा गेला होता, आठ-दहा फूट रुंद, वळत वळत. मजुराला हातभर खणायला लावलं. वर काळी माती, आणि खाली वाळू, वाळूत गुळगुळीत गोटे. जुनी ओघळ तिथेच होती. एका पुरात पाण्याने वाट बदलली असणार, आणि नांगराने जुनी वाट बुजवली. तालुक्याला परत आलो, मूळ टिपण काढलं, मापं टाकली. त्या गोट्यांवरच हद्द बसली.

मी चुकीची हद्द दाखवणार होतो. एका माणसाची जमीन दुसऱ्याला गेली असती आणि कागदावर माझी सही असती. रात्री झोप आली नाही. त्यानंतर कुठल्याही शेतात गेलो की आधी यंत्र लावायचं नाही, आधी सगळ्या कडेने एकदा चालायचं, आणि तिथल्या सर्वांत म्हाताऱ्या माणसाला विचारायचं की पाणी कुठून जायचं, हे मी निवृत्तीपर्यंत पाळलं.

तेव्हापासून मला जुन्या मोजणीच्या लोकांबद्दल आदर वाटू लागला. १८३५ मध्ये गोल्डस्मिड आणि विंगेट या इंग्रज अधिकाऱ्यांनी शेजारच्या इंदापूर तालुक्यात नव्या पद्धतीने मोजणी आणि प्रतबंदी, म्हणजे जमिनीची प्रत ठरवणं, सुरू केली, १८४७ मध्ये त्याचे नियम पक्के झाले आणि मुंबई इलाख्यात ती पद्धत पसरली. ३३ फुटांची साखळी, तिचे १६ आणे. साखळीभर लांब आणि साखळीभर रुंद म्हणजे एक गुंठा, तो आपण अजून बोलतो. त्याहून मला आवडतं ते प्रतबंदीचं काम. शेतात खड्डे घेऊन मातीची खोली हाताने मोजायची. पावणेदोन हात खोल, बारीक पोताची काळी असेल तर १६ आणे, आणि तिथून खाली उतरत नऊ प्रती. मग दोष बघायचे: चुनखडी आहे का, वाळू आहे का, उतार आहे का, पाणी साचतं का, वरून लोंढा येतो का. प्रत्येक दोषाला एक खूण, आणि त्या खुणेने जमीन एक प्रत खाली. हे सगळं सारा ठरवण्यासाठी होतं, शेतकऱ्याच्या प्रेमापोटी नव्हे. तरीही ज्या माणसाने रणरणत्या उन्हात खड्ड्यात हात घालून खोली मोजली, त्याने ते शेत बघितलं होतं. तुमच्या लेकीच्या वहीत मी अशाच खुणा करायला सांगेन. गल्लीतल्या प्रत्येक झाडाखाली माती कशी आहे, पाणी साचतं का, सावली दुपारी कुठे जाते. स्वतःच्या खुणा तिने स्वतः ठरवाव्यात.

गावाकडे जाणं झालं तर आणखी एक गोष्ट बघा. शेतीच्या जमिनीला आपण काळी म्हणतो आणि गाव वसलेल्या जागेला पांढरी. जुनं गावठाण बहुतेक वेळा थोडं उंचवट्यावर असतं, आणि तिथली माती खरोखरच फिकट, राखी रंगाची असते. शेकडो वर्षांच्या भिंती पडल्या, चुली विझल्या, राख टाकली, त्यावर पुन्हा घरं उठली. हीच पांढरी माती माळवदावर, म्हणजे घराच्या सपाट छतावर, पसरायचे. ती पाणी झिरपू द्यायची नाही आणि आतलं घर मेमध्येही गार राहायचं. पडक्या गढीच्या भिंतीजवळ गेलात तर मातीत खापराचे तुकडे दिसतील. उचलू नका, फक्त वाकून बघा. आणि गावांची नावं ऐका: वडाळा, लिंबीचिंचोळी, चिंचपूर. कुणीतरी कधीतरी त्या जागी येऊन पहिल्यांदा झाड बघितलं आणि जागेला झाडाचं नाव दिलं. आता तिथे ते झाड आहे का, हा लेकीसाठी चांगला शोध आहे. शिवेवर जिथे तीन गावांच्या हद्दी मिळतात त्या जागेला आम्ही तिवढा म्हणतो. तिथे दगड असतो, आणि बऱ्याचदा त्याला शेंदूर लागून तो देव झालेला असतो. मोजणीच्या दृष्टीने ही फार सोयीची गोष्ट, कारण देवाला कुणी हलवत नाही.

शहरातही असा एक आखलेला फेरा आहे, आणि आपण जानेवारीत तो गर्दी म्हणून बघतो. बाराव्या शतकात सिद्धरामेश्वरांनी तळं खोदवलं आणि सोलापूरभोवती ६८ लिंगं स्थापन केली. गड्ड्याच्या जत्रेत पहिल्या दिवशी, यण्णीमज्जनाला, म्हणजे तेलाच्या अभिषेकाला, सात नंदीध्वज, म्हणजे मानाच्या उंच काठ्या, या ६८ लिंगांना भेट देत फिरतात. विचार करा, एक अख्खं गाव दर वर्षी पायी आपल्या गावाभोवती फिरून कुठे काय आहे ते पुन्हा बघून येतं. जत्रा नसताना, एखाद्या रविवारी पहाटे, त्यातली दहा-बारा लिंगं पायी गाठा. कुठलं गल्लीत अडकलंय, कुठलं तळ्याकाठी आहे, चढ कुठे लागला आणि उतार कुठे, हे पायांना कळलं की जुनं सोलापूर केवढं होतं ते कळतं. मी दोन वर्षांत सगळी केली. अजूनही काही परत परत बघतो.

पोटखराब्याकडे पुन्हा येतो, कारण तुम्हाला लिहायला बसलो ते त्याच्यासाठी. शहरापासून वीस-बावीस किलोमीटरवर नान्नज आहे. तिथला माळ कागदावर बघितला तर पडीक. १९७९ मध्ये माळढोक पक्ष्यासाठी अभयारण्य जाहीर झालं. कागदावरचं क्षेत्र तेव्हा साडेआठ हजार चौरस किलोमीटरच्या आसपास होतं, पुढे ते कितीतरी कमी करून सुमारे बाराशेवर आलं. माळढोक उघड्या माळावर जमिनीवरच अंडं घालतो, बहुधा एकच. त्याला दूरवर दिसायला हवं असतं, झाडी नको असते. आपण 'इथे काहीच नाही' म्हणून जिथे झाडं लावायला धावतो, तिथे त्या काहीच नसण्यावर त्याचं जगणं होतं. माझ्या नोकरीच्या सुरुवातीला माळावर मोठा पक्षी चालताना दिसला तर गावकरी सहज सांगायचे, 'तो बघा, माळढोक.' मी मान वर करून बघायचो आणि पुन्हा कागदात डोकं घालायचो. तेव्हा उभं राहून नीट बघितलं नाही, याचं दुःख मला आजही आहे. आता तिथे माळढोक दिसेल अशी आशा धरून जाऊ नका. वनखात्याची रीतसर परवानगी घेऊन जा आणि जे आहे ते बघा: काळविटांचे कळप, एखादं खोकड, नशीब असेल तर लांडगा. चंडोल गात गात सरळ वर चढतो आणि दगडासारखा खाली येतो. थंडीत मध्य आशियातून आलेले भोवते, हे शिकारी पक्षी, गवताच्या शेंड्यांवरून, जवळजवळ टेकत, संथ उडत जातात. पंख क्वचितच हलवतात. संध्याकाळी ते गवतातच मुक्कामाला उतरतात, झाडावर नाही. जो रकाना मी न बघता भरत होतो, त्यात हे सगळं राहत होतं.

एवढं लांब जाणं सारखं जमणार नाही. म्हणून माझा आग्रह एकाच जागेचा आहे. घरापासून पायी पोचता येईल अशी एक जागा निवडा, संभाजी तलावाचा एखादा काठ घ्या, मोकळा प्लॉट घ्या, नाल्यावरचा पूल घ्या. महिन्यातून दोनदा तिथेच जा आणि पंधरा मिनिटं काही न करता उभ्या राहा. पहिल्या दोन-तीन वेळा कंटाळा येईल, लेक तर नक्कीच कुरकुरेल. चौथ्या वेळी तिला मागच्या वेळी नव्हतं असं काहीतरी दिसेल, आणि तिथून तुम्हाला तिला ओढून न्यावं लागणार नाही. मोबाईलने फोटो काढा, पण एकाच दगडावर उभ्या राहून, एकाच दिशेला, म्हणजे सहा महिन्यांनी फोटो शेजारी शेजारी ठेवता येतील. नावं माहीत नसली तरी चालेल. 'पिवळं फूल, पाच पाकळ्या, पान दुमडतं' एवढं लिहिलं की नाव पुढे कुणीतरी सांगतं.

लेकीला आवडेल असं आणखी एक. मेच्या १०-११ तारखेला दुपारी बारा वाजून वीस-पंचवीस मिनिटांनी गच्चीवर एक पाण्याचा पाइप उभा धरा. त्याची सावली नाहीशी होते, कारण सूर्य बरोबर डोक्यावर असतो. ऑगस्टच्या पहिल्या-दुसऱ्या तारखेला पुन्हा तसंच होतं, ढग नसले तर. या दोन तारखांच्या मधल्या दिवसांत भर दुपारची सावली दक्षिणेला पडते, बाकी वर्षभर उत्तरेला. तुम्ही 'काही नाही' म्हणून उतरलात त्याच गच्चीवर हे दर वर्षी होतं.

आणि कधी एक पूर्ण दिवस मिळाला तर दक्षिण सोलापूर तालुक्यात हत्तरसंग कुडलला जा. तिथे सीना भीमेला मिळते. पाण्याच्या मागे निघालेल्या माणसाने तिथवर जायलाच हवं. संगमावरच्या मंदिरातल्या तुळईवर शके ९४० चा, म्हणजे १०१८ सालचा मराठी लेख आहे, सोलापूरचे अभ्यासक आनंद कुंभार यांनी तो उजेडात आणला. त्यातली शेवटची ओळ अशी: 'वाछि तो विजेया होइवा', जो वाचील तो विजयी होईल. मंदिर दाखवून झालं की लेकीला घाटावर न्या आणि दोन नद्यांच्या पाण्याचा रंग वेगळा दिसतो का ते विचारा.

सध्या पूर्वा नक्षत्र संपत आलंय, सप्टेंबरच्या १३ तारखेच्या आसपास उत्तरा लागेल. पहिला मोठा पाऊस झाला की नाल्यावर जा. पाणी तांबूस होतं की काळपट, तेवढं मात्र मला कळवा.